नोकरी सांभाळून पाळीव प्राण्यांच्या फोटोंचा जोडधंदा : नागपुरात जमेल का?

त्रिमूर्तीनगरकर

नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात हिशेब विभागात काम करतो. रविवार आणि रोजची सकाळ एवढाच वेळ माझ्या हाती असतो. सात वर्षांपूर्वीचा एक साधा डीएसएलआर, त्यासोबत मिळालेली लेन्स आणि नंतर हौसेने घेतलेली ५० मिमी एफ १.८ ही माझी सामग्री. शेजाऱ्यांच्या बीगलचे फोटो मी सहज म्हणून काढले, ते त्यांनी मोठे करून बैठकीत लावले, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी चार जणांनी ‘आमच्याही कुत्र्याचे काढून द्या, पैसे सांगा’ अशी विचारणा केली. पैसे किती सांगावेत हे न कळल्यामुळे मी दोघांचे फुकट काढले आणि उरलेल्या दोघांचे फोन टाळतो आहे.

आता मनात असे आहे की २,५०० रुपयांत दोन तास आणि २० निवडक, नीट केलेले फोटो असा एकच दर ठेवावा, हप्त्यांवर सुमारे १ लाख ६० हजारांचा नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा व लेन्स घ्यावी, आणि व्यवसायाची नोंद बायकोच्या नावाने करावी. ती राज्य शासनाच्या कार्यालयात नोकरीला आहे. यात कुठे चुकते आहे का, हे अनुभवी मंडळींनी स्पष्ट सांगावे.

जुना_डार्करूम

स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो : कॅमेरा घेऊ नका, निदान पहिली २० कामे होईपर्यंत तरी नाही. सीताबर्डीत मी तीस वर्षे लग्नाचे फोटो काढले, आणि नव्या कॅमेऱ्याच्या हप्त्यासाठी नको ती कामे घेणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. प्राण्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय सोनीने २०१९ मध्ये आणली, पुढच्या वर्षी कॅननच्या आर ५ आणि आर ६ मध्येही ती आली, आणि ती खरोखर उपयोगाची आहे हे मी नाकारत नाही. परंतु पळत्या कुत्र्याचे काम आले तर तेवढ्या दिवसापुरता कॅमेरा भाड्याने मिळतो. बसलेल्या कुत्र्यासाठी तुमची ५० मिमी पुरेशी आहे.

तुम्हाला खरी गरज आहे ती गुडघ्यांची. उभे राहून वरून काढलेल्या फोटोत कुत्रा म्हणजे एक मोठे डोके आणि त्याखाली चार काड्या दिसतात. एलियट अर्विट या छायाचित्रकाराचा १९७४ चा न्यूयॉर्कमधील फोटो शोधून पाहावा : एका बाजूला मोठ्या कुत्र्याचे पाय, मध्ये बाईचे बूट आणि शेवटी टोपी घातलेले चिवावा. कॅमेरा जमिनीला टेकवल्यामुळे त्या फोटोचा नायक ते टीचभर कुत्रे झाले आहे. तेव्हा जुनी सतरंजी सोबत ठेवा आणि पोटावर झोपायची लाज सोडा.

दुसरी गोष्ट रंगाची. कॅमेऱ्यातले उजेड मोजणारे मीटर समोर येईल ते मध्यम राखाडी धरून चालते. काळ्या लॅब्राडोरने चौकट भरली की ते फोटो उजळ करते आणि कुत्रा राखेत लोळल्यासारखा दिसतो. पांढऱ्या पॉमेरेनियनच्या बाबतीत नेमके उलटे होऊन तो मळका दिसतो. काळ्यासाठी एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) थोडे खाली आणि पांढऱ्यासाठी थोडे वर घ्यावे लागते, किती ते स्क्रीनवरच्या फोटोवरून नव्हे तर हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेड-अंधाराच्या आलेखावर, पाहून ठरवावे. काळ्या कुत्र्याला भर उन्हात तर कधीच उभे करू नका. ओसरीत किंवा उत्तरेच्या खिडकीजवळ बसवले तर बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात केसांचा पोत सुटा होतो आणि डोळ्यात खिडकीचा ठिपका उमटतो. तो ठिपका नसेल तर जिवंत कुत्राही भुसा भरलेला वाटतो.

शटर मात्र चढेच ठेवा. शांत बसलेला कुत्रासुद्धा कान हलवतो, म्हणून १/५०० सेकंदाच्या खाली उतरू नका, आणि पळताना टिपायचा असेल तर १/१००० ते १/२०००.

हिशेबनीस

कॅमेऱ्याचे डार्करूम काकांनी सांगितले, मी आकड्यांचे सांगतो. तुम्ही स्वतः हिशेब विभागात आहात, तरी घरचा हिशेब मांडलेला दिसत नाही. दोन तासांच्या कामासाठी जाण्या-येण्याचा एक तास, तीन-चारशे फोटोंतून निवड करण्याचे दोन तास, २० फोटो नीट करण्याचे तीन तास, फोन, निरोप आणि ‘अजून एक द्या ना’ यासाठी एक तास, असे एकूण नऊ तास होतात. १ लाख ६० हजारांची सामग्री चार वर्षे चालेल आणि वर्षाला ४० कामे मिळतील असे धरले, तर प्रत्येक कामावर १,००० रुपये घसारा, म्हणजे सामग्रीच्या झिजेचा खर्च, पडतो. पेट्रोल आणि खाऊचे १५० रुपये वजा केले की हातात १,३५० उरतात, म्हणजे तासाला १५० रुपये. आणि ४० कामे मिळतील हे आपण नुसते धरून चाललो आहोत.

म्हणून २० फोटोंचा आकडा पुढे करू नका. फोटो मोजून विकायला लागलात की गिऱ्हाईक लग्नाच्या अल्बमशी तुलना करते आणि ‘काहो, कुत्र्याच्या फोटोचे इतके पैसे?’ हा प्रश्न ठरलेला. तुमच्या येण्याचे आणि थांबण्याचे वेगळे पैसे घ्या, त्यात आठच फोटो द्या, आणि छापून, चौकट करून दिलेल्या मोठ्या फोटोचा दर निराळा ठेवा. तुमच्याच मजकुरात उत्तर आहे : शेजाऱ्यांनी फोटो बैठकीत लावला, त्यानंतर चौघांनी विचारले. भिंतीवरचा तो एक फोटोच तुमची जाहिरात होता.

आता बायकोच्या नावाचा मुद्दा. हा विचार आजच सोडून द्या. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार-व्यवसाय करता येत नाही. इतकेच नव्हे, कुटुंबातील कोणी व्यवसाय करीत असेल तर तेही कर्मचाऱ्याने कळवायचे असते. त्यामुळे व्यवसाय तुमच्या नावाने करा आणि वहिनींना त्यांच्या आस्थापना शाखेत तसे लेखी कळवू द्या. तुमच्या स्वतःच्या नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाला मनाई करणारे कलम आहे का, हेही काढून वाचा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, शासनाच्या संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी दोन-तीन हजार मागणारे मध्यस्थ टाळा. सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तेव्हा त्याची धास्ती नको. परंतु उत्पन्न विवरणपत्रात दाखवावेच लागेल, आणि पगारदारांचा आयटीआर १ त्यासाठी चालणार नाही.

शेवटी, ज्याकडे बहुतेक हौशी मंडळींचे दुर्लक्ष होते ते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते सांगणारा गिऱ्हाईक असतो. म्हणजे तुम्ही काढलेला फोटो तुम्हाला तुमच्याच इन्स्टाग्रामवर टाकायचा असेल तर तसे आधी लिहून घेतलेले बरे. एका पानाचा साधा मराठी मसुदा पुरतो.

मांजरवाली_धरमपेठ

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी एका छायाचित्रकाराला घरी बोलावले होते. तो आला तो दोन दिवे, छत्र्या आणि मांजरासाठी शिवलेला एक जरीचा कोट घेऊनच. कोट पाहताच आमची मनी दिवाणाखाली गेली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. त्याने दिवाणाखाली वाकून फ्लॅश मारला. त्या फोटोत एक धुळीचा गोळा आणि दोन हिरवे कंदील दिसतात. पैसे मात्र त्याने पूर्ण घेतले, कारण ‘माझा वेळ गेला’ हे त्याचे म्हणणे होते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते म्हणणे अगदीच चूक नव्हते. फक्त आधी ठरले नव्हते.

त्यामुळे प्राणी तयारच झाला नाही तर काय, हे आधी ठरवा. मला विचाराल तर एक फेरी पुन्हा मोफत आणि त्यानंतर येण्याचा आकार, हे मी आनंदाने मान्य केले असते.

मांजराकडे जाणाऱ्याने पहिली वीस मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवावा, घरच्यांशी बोलत जमिनीवर बसावे, मांजराकडे पाहू नये. पाहिलेच तर डोळे सावकाश मिटावेत. कॅमेऱ्याचा ‘बीप’ आधीच बंद करावा. उजेडाबद्दल काका सांगतीलच, पण माझे एक निरीक्षण आहे : भर प्रकाशात मांजराची बाहुली उभी फट होते आणि चेहरा रागीट दिसतो, सकाळी खिडकीपासून दोन हात आत बसवले तर बाहुली गोल होते आणि तेच मांजर गोड दिसते. आणि मांजराला तेलंगखेडीच्या बागेत नेण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करावे.

जुना_डार्करूम

मांजरवाली ताई, ते हिरवे कंदील म्हणजे डोळ्याच्या मागच्या परावर्तक पडद्यावरून उलटलेला फ्लॅश. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो म्हणून हे होते. कोटाबद्दल मी काय बोलणार? इंग्लंडमधील ब्रायटनच्या हॅरी पॉइंटरने १८७० च्या दशकात मांजरांना चहाच्या भांड्यांशी आणि तीनचाकी सायकलवर बसवून फोटो विकले होते, म्हणजे ही खोड दीडशे वर्षांची आहे.

सेमिनरी_हिल्सची_पशुवैद्य

मी इथल्याच पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकले आणि आता खाजगी दवाखाना चालवते. धागा चांगला चालला आहे, म्हणून माझ्या बाजूचे थोडे सविस्तर लिहिते.

कुत्र्याच्या भाषेत टक लावून पाहणे ही धमकी असते, आणि लेन्स म्हणजे न मिटणारा एक मोठा डोळा. त्यामुळे लेन्स रोखल्यावर कुत्र्याने तोंड फिरवले, काही खाल्लेले नसताना जीभ ओठांवरून फिरवली, झोप आलेली नसताना जांभई दिली, कान मागे टाकले किंवा डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसू लागली, तर ती ‘पुरे’ ही सूचना समजावी. गंमत म्हणजे जांभई देणाऱ्या कुत्र्याचा फोटो मालकाला ‘हसतोय बघा’ म्हणून फार आवडतो. त्या क्षणी कॅमेरा खाली घ्या, बाजूला वळून बसा आणि दोन मिनिटे जाऊ द्या. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागावू नये असे मालकालाही सांगावे. गुरगुरणे बंद झालेला कुत्रा थेट चावतो.

चावण्याचा विषय निघालाच आहे तर : हे काम नियमित करणार असाल तर रेबीजची आगाऊ लस घ्या. तिची वेळ ०, ७ आणि २१ किंवा २८ वा दिवस अशी असते. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आगाऊ लस घेतलेली असली तरी पुढचे डोस चुकवायचे नाहीत. गिऱ्हाइकाकडून कुत्र्याचे लसीकरण पुस्तक आधी मागून घेण्यात संकोच नको.

नागपूरच्या उन्हाबद्दल वेगळे सांगायला नको, पण गिऱ्हाईक हट्ट धरते म्हणून सांगते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि पग, शिह त्झू किंवा फ्रेंच बुलडॉग यांचे नाकच आखूड असल्यामुळे त्यांना तेही धड जमत नाही. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडते, तेव्हा बाहेरचे काम साडेसातच्या आत आटोपा. संध्याकाळी सूर्य गेला तरी डांबर तापलेलेच असते. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सहा-सात सेकंद ठेवता आली नाही, तर कुत्र्याचे पायही तिथे ठेवू नयेत. फुटाळा तलावावर सायंकाळी गर्दी आणि हॉर्न इतके असतात की घाबरट कुत्र्याला तिथे नेणे म्हणजे शिक्षाच. मोकळ्या जागीही पट्टा सोडायचा नाही. बारीक, लांब पट्टा ठेवून तो नंतर संगणकावर पुसून टाका.

खेळण्याबद्दल एक सूचना. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो, लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ कळत नाही. हिरवळीवर लाल चेंडू आपल्या डोळ्यात भरतो, त्याला तो शोधावा लागतो. त्याचे लक्ष वेधायचे असेल तर निळा चेंडू घ्या. आणि चूं-चूं वाजणारे खेळणे, सगळी तयारी झाल्यावर, एकदाच वाजवा. चौथ्या वेळी कुत्रा ढुंकूनही पाहत नाही.

शेवटचे म्हणजे पोपट. ‘आमच्या मिठूचे फोटो काढा’ अशी मागणी येईल. आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, तो पिंजऱ्यात पाळणे हाच गुन्हा आहे. तारांकित कासवाचेही तसेच. असे काम घेऊन त्याचे फोटो स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करू नका. आफ्रिकन ग्रेसारख्या परदेशी पक्ष्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते, ती केली आहे का एवढे विचारावे. एखाद्या दुकानाने जाहिरातपटासाठी प्राणी मागितला तर मात्र तो घरगुती फोटो राहत नाही, त्याला भारतीय प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते.

कुहीचा_शेतकरीपुत्र

सगळी चर्चा लॅब्राडोर, पग आणि मांजर यांच्यावरच चालली आहे, म्हणून एक वेगळी दिशा सुचवतो. आपल्या विदर्भात सर्वांत लाडाचा प्राणी बैल आहे, आणि त्याचा चांगला फोटो मात्र कोणाच्याच घरी नसतो. आमच्या वडिलांनी चौदा वर्षे राखलेल्या जोडीचा एकच फोटो आहे, तोही मोबाइलवरचा, त्यात एका बैलाचे शिंग कापले गेले आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांद शेकतात, हळद आणि तुपाने बैलांचे खांदे चोळतात आणि त्यांच्या कानाशी ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणतात. खरा फोटो तो आहे : गोठ्यातला एक दिवा, तुपाने चकचकलेला खांदा आणि कानाशी वाकलेला म्हातारा. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झुली, बेगड आणि गोंडे लावलेल्या शंभर जोड्या उभ्या राहतात, झडत्या (पोळ्याची गाणी) होतात, तिथे गर्दीत फोटो सगळेच काढतात. तुम्ही आदल्या दिवशी या. पैसे शहरासारखे मिळणार नाहीत, परंतु एका गावात पाच-सहा घरांनी चौकटीतला फोटो घेतला तर तुमची फेरी सुटते. फक्त बैलासमोर फ्लॅश नको, आणि मागच्या बाजूने जवळ जायचे नाही, हे तुमच्या बीगलपेक्षा महत्त्वाचे आहे.

हिशेबनीस

पोळ्याची कल्पना पटली. वर्षातून एकदाच येणारे काम असल्यामुळे नोकरीशी झगडा नाही, फक्त रजा आधी टाका.

त्रिमूर्तीनगरकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण रिकाम्या हाताने लिहायचे नव्हते. कॅमेरा घेतला नाही. नेमणूकपत्र वाचले, व्यवस्थापनाला कळवून दुसरे काम करता येते असे त्यात आहे, म्हणून अर्ज दिला आणि होकार आला. सौ.नेही तिच्या कार्यालयात लेखी कळवले. एका पानाचा मसुदा केला, त्यात पुन्हा येण्याची अट आणि इन्स्टाग्रामची परवानगी या दोन्ही गोष्टी घातल्या.

ज्यांचे फोन टाळत होतो त्यांपैकी एकांना मीच फोन केला. प्रतापनगरमधील एक निवृत्त गृहस्थ, आणि त्यांचा तेरा वर्षांचा काळा लॅब्राडोर, मागचे पाय गेलेला. दोन हजार रुपये येण्याचे व थांबण्याचे, आठ फोटो, आणि छापील फोटो वेगळा, असा दर मी एका दमात सांगून टाकला. त्या काकांनी एवढेच विचारले, ‘लवकर याल ना?’

रविवारी सकाळी सात वाजता गेलो. कूलर चालू होता. त्याच्या आवाजाने कुत्रा सारखा तिकडे पाहत होता, म्हणून तो बंद करायला लावला. मग अर्धा तास काहीच केले नाही, सतरंजीवर आडवा होऊन काकांच्या नोकरीच्या गोष्टी ऐकल्या. कुत्र्याने माझ्या बुटांचा वास घेतला आणि हनुवटी फरशीवर टेकवली. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते, एक डोळा दुधाळ होता. खिडकी डावीकडे होती. मी एक्स्पोजर दोन पायऱ्या खाली घेतले, मग अर्धी वर आणली. निळे खेळणे काढून वाजवले. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे त्याने लक्षच दिले नाही. तेवढ्यात काकांनी सवयीने चहाच्या बशीत पारले बिस्कीट मोडले, आणि त्या बारीकशा कटकन आवाजावर त्याने मान वर केली. तोच फोटो. बशीची कड चौकटीत आली आहे आणि काकांची दोन बोटे. ती कापावीत का, यावर दोन रात्री घालवल्या.

एकूण साडेसहा तास लागले. काकांनी १२ बाय १८ चा एक फोटो चौकटीसह घेतला. सगळे खर्च वजा जाता हातात १,९०० उरले, म्हणजे तासाला तीनशेच्या आत. हिशेबनीस हसतील, पण जुन्या कॅमेऱ्याचा घसारा मी धरलेला नाही.

हिशेबनीस

हसत नाही, पण घसारा धरा. जुना कॅमेराही एक दिवस बंद पडणार आहेच.

सेमिनरी_हिल्सची_पशुवैद्य

म्हाताऱ्या प्राण्यांसाठी सकाळची वेळ आणि घरचीच जागा, हे तुम्ही बरोबर केलेत. ‘लवकर याल ना’ असा प्रश्न तुम्हाला पुष्कळदा ऐकावा लागेल. अशा घरी तारीख पुढे ढकलू नका, आणि जमलेच तर महिन्यातला एक रविवार त्यांच्यासाठी मोकळा ठेवा. माझ्या दवाखान्यात तुमचे कार्ड ठेवायला हरकत नाही. मात्र मी कोणाचा फोन नंबर देणार नाही, ज्याला हवे तो तुम्हाला फोन करील.

मांजरवाली_धरमपेठ

बोटे कापलीत का?

त्रिमूर्तीनगरकर

नाही. काकांना दोन्ही दाखवले. त्यांनी बोटे असलेलाच घेतला. मांजरवाली ताई, तुमच्या मनीकडे येत्या रविवारी यायचे का? कोट आणणार नाही, आणि पहिली वीस मिनिटे कॅमेरा पिशवीत राहील.

मांजरवाली_धरमपेठ

या. दिवाणाखाली झाडून ठेवते.